पेद्रूची अर्धी प्रार्थना

ज्या गावात फादर महिन्यातून एकदाच येतो, त्या गावात किस्से फार साचतात. बाकीच्या रविवारी मिस्सा नाही, प्रवचन नाही. मग चॅपेलच्या बाकांवर बसून आम्ही करणार काय? एकमेकांकडे बघणार! कोण कोणाशेजारी बसलं, कोण मध्येच उठून गेलं, कोणाचा आवाज कुठे अडकला, सगळं डोक्यात जमा होतं.

मी मूळची उरणची, मिठागरांच्या बाजूची. जुझेशी लग्न करून चौलच्या खाडीपलीकडच्या या ख्रिस्ती वाडीत आले, तेव्हा गोव्यात अजून पोर्तुगीज होते आणि इकडे आमच्याकडे दारूबंदी. वाडी म्हणजे मूठभर घरं, सगळी मासेमारीवर जगणारी. माझ्याजवळचे बहुतेक किस्से आमच्या शेजारच्या एकाच घरातले आहेत. आज सांगताना हसू येतं, पण त्या वर्षांत हसू येत नव्हतं.

त्या घरात रोजामाय आणि तिचे दोन मुलगे. थोरला पेद्रू, धाकटा अंतोन. आणि दोघांच्या मध्ये एक मेलेला बाप.

* * *

आधी तेच सांगते, म्हणजे बाकीचं कळेल.

पावसाळा संपला की फादर येऊन प्रत्येक होडीवर पवित्र पाणी शिंपडतो, ही आमची रीत. पाणी पडल्याशिवाय होडी समुद्रात लोटायची नाही. एका वर्षी फादरला ताप आला आणि यायला उशीर झाला. दुसऱ्या गावांच्या होड्या भरभरून परत येत होत्या. अंतोनला धीर धरवेना. त्याने बापाला सोबत घेतलं आणि होडी काढली.

वारा फिरला, होडी उलटली. अंतोन पोहत बाहेर आला. बाप आलाच नाही.

पेद्रू दारात उभा राहून सगळ्यांसमोर म्हणाला, “पानी पडायच्या आधी होडी काढलीस. बाबाला तूच बुडवलास.” त्यानंतर तो भावाशी एक शब्द बोलला नाही. मी लग्न होऊन आले तेव्हाही बोलत नव्हता.

* * *

आता दोन भाऊ, मध्ये एक भिंत, आणि अंगण सामाईक. बोलल्याशिवाय चालेल कसं? तर पेद्रूने एक बकरी पाळली होती. तो बकरीशी बोलायचा!

एकदा अंतोनचं जाळं पेद्रूच्या बाजूला वाळत पडलेलं. पेद्रू बाहेर आला, बकरीसमोर उभा राहिला आणि म्हणाला, “सांग गं त्याला, जाळं उचल म्हणावं.”

अंतोन पलीकडे बसलेला. तोही बकरीकडे बघून म्हणाला, “सांग, उचलतो म्हणावं. आनि इचार, दादाचा खोकला बरा हाय का?”

मी ओट्यावर मासे साफ करत होते. हातातली सुरी थांबली. पेद्रूने बकरीचं दावं ओढून बघितलं. मग म्हणाला, “त्याला सांग, बकरीला काय कळतं!” आणि आत गेला.

मी जुझेला हे सांगितलं तर तो हसला नाही. म्हणाला, “आज दोन वाक्यं झाली. बरं हाय.”

* * *

फादर नसेल त्या रविवारी चॅपेलमध्ये रोजरी, म्हणजे माळेवरची प्रार्थना, व्हायची, आणि ती सांगायचा पेद्रू. त्याच्याइतका देवाचा माणूस वाडीत दुसरा नव्हता. समुद्रावर जाताना, येताना, जेवताना, तोंडात प्रार्थना. मला त्याचं फार कौतुक वाटायचं.

रोजरीत ‘हे आमच्या स्वर्गीय बापा’ ही प्रार्थना दोन तुकड्यांत होते. सांगणारा पहिला अर्धा भाग म्हणतो, ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’पर्यंत. दुसरा अर्धा भाग लोक म्हणतात. आमची रोजची भाकर दे, आणि जशी आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो तशी आमच्या अपराधांची आम्हाला क्षमा कर, हे सगळं लोकांच्या वाट्याला.

एका रविवारी पेद्रूचा घसा बसला. जुझेने रोजरी सांगितली आणि पेद्रू आमच्यासारखा बाकावर बसला. मी सहज त्याच्याकडे बघितलं. भाकरीपर्यंत त्याचे ओठ हलत होते. क्षमेचं वाक्य आलं आणि ओठ बंद! पुन्हा प्रार्थना आली, पुन्हा तेच. दर वेळी तिथेच बंद.

घरी येताना मी जुझेला म्हटलं, “अहो, पेद्रूभाऊ ते वाक्य म्हणतच नाहीत!”

“हळू बोल,” जुझे म्हणाला. “सगळ्या वाडीला ठाऊक हाय. म्हनून तर तो रोजरी सांगतो. सांगनाऱ्याला ते वाक्य न्हाय.”

मला रडूच आलं. दुसऱ्या दिवशी रोजामायला पाणी भरून द्यायला गेले तेव्हा न राहवून विचारलं, की तुम्ही त्यांना समजावत का नाही. म्हातारी म्हणाली, “काय समजावू? दुसरा कोनी असता तर तोंडानं बोलून मोकळा झाला असता. माझा पेद्रू देवाशी खोटं बोलत न्हाय, हीच तर भीती हाय.”

मग हळूच म्हणाली, “अंतोनची मना काळजी न्हाय. तो रडतो, माफी मागतो, देव त्याला घेईल. पेद्रूला कसा घेईल? यानं सोडलं न्हाय, तर याला कोन सोडील?”

तेव्हापासून माझीही झोप उडाली. दर रविवारी तिथपर्यंत आलं की माझं लक्ष प्रार्थनेत कमी आणि पेद्रूच्या ओठांकडे जास्त.

* * *

फादर यायचा त्या दिवशी आधी कुमसार, म्हणजे पापांची कबुली. आम्ही सगळे रांगेत. फादर म्हातारा, कानांनी जड, त्यामुळे तो जे हळू बोलतो असं त्याला वाटायचं ते बाहेर ऐकू यायचं. आमची पापं ऐकू येत नव्हती, नशीब आमचं!

पेद्रूची पाळी आली की रांगेतली कुजबुज थांबायची. तो आत जायचा, गुडघे टेकायचा, काहीतरी पुटपुटायचा. मग फादरचा आवाज, “अजून न्हाय?”

पेद्रू पुटपुटायचा.

“मग पुढच्या महिन्यात ये!”

अगदी डॉक्टरसारखं! पेद्रू मान खाली घालून बाहेर यायचा. क्षमा केल्याशिवाय फादर त्याला पापमुक्ती देत नव्हता, आणि पापमुक्ती नाही म्हणून कम्युनियनची पवित्र भाकरही नाही. सगळी वाडी पुढे जायची आणि वाडीतला सगळ्यांत भक्त माणूस बाकावर बसून राहायचा. शेवटच्या बाकावर दाराजवळ अंतोन. तो कम्युनियन घेऊन परत जाताना भावाच्या बाकापाशी पाऊल हळू करायचा. पेद्रू वर बघायचा नाही.

एकदा मी रागाने म्हटलं, “एवढं काय मोठं अवघड आहे? माफ केलं म्हणायचं!”

माझ्यापुढे रांगेत पेद्रूच होता. तो वळून मला म्हणाला, “वैनी, रोज सकाळी उठून बघतो, आज हाय का म्हनून. न्हाय मिळत.”

मी पुन्हा कधी तसं बोलले नाही.

* * *

ईस्टरचा किस्सा तर कहरच!

ईस्टरच्या सकाळी धाकट्याने थोरल्याच्या हाताचं चुंबन घ्यायचं आणि आशीर्वाद मागायचा, अशी आमच्यात पद्धत. अंतोन नवा सदरा घालून अंगणात आला. बघतो तर काय, पेद्रूने काहील चुलीवरून उतरवलेली, ऐनाच्या सालीचा रंग उकळून निवत ठेवलेला आणि दोन्ही हात कोपरापर्यंत आत! ईस्टरच्या दिवशी जाळी रंगवणारा ख्रिस्ती माणूस मी तेवढाच पाहिला.

अंतोन उभा राहिला. हात बाहेर येतील, वाळतील, मग चुंबन घेऊ. पेद्रूनेही ते ओळखलं. एक जाळं झालं की दुसरं. दुसरं झालं की पहिलं पुन्हा! ऊन वर आलं. अंतोनचा सदरा घामाने भिजला. आम्ही बायका दारांआडून बघतोय, कोणाच्या चुलीवर काय करपतंय याचं भान नाही.

शेवटी रोजामाय ओट्यावरून ओरडली, “अरं, जाळ्याचा जीव घेशील!”

पेद्रू म्हणाला, “अजून रंग चढला न्हाय.”

अंतोन दुपारी निघून गेला. काहील रिकामी झाल्यावर पेद्रू काळे हात गुडघ्यांवर ठेवून संध्याकाळपर्यंत तिथेच बसून राहिला. त्या दिवशी मला दोघांचीही सारखीच दया आली.

* * *

मग रोजामाय आजारी पडली. श्वास पुरेना, अन्न जाईना. मरणाआधीचं शेवटचं पवित्र तेल लावायला फादरला निरोप गेला. निघाला म्हणून कळलं, पण येईच ना! आम्ही सगळे तिच्या खाटेभोवती. पेद्रू उशाशी, अंतोन दाराबाहेर. आत यायची त्याची हिंमत नव्हती.

खाडीच्या तरीवर काय झालं होतं ते नंतर कळलं. फादरच्या पिशवीत मिस्साच्या वाईनची बाटली. पोलीस शिपायाने पिशवी उघडली.

“ही कोनासाठी?”

“देवासाठी,” फादर म्हणाला.

“देवाचं परमिट हाय का?”

परमिट होतं, पण घाईत मिशनवर राहिलेलं! फादर काकुळतीला आला, की म्हातारी मरायला टेकली आहे. शेवटी शिपाई म्हणाला, चला, बघू कोण मरतंय. आणि स्वतःच फादरबरोबर वाडीत आला.

खाकी कपडा दारात दिसला आणि सकाळपासून डोळे मिटून पडलेली रोजामाय ताडकन उठून बसली! “पोलीस कोनाला धरायला आला? माझ्या अंतोनला?”

शिपाई बिचारा घाबरला. टोपी काढून कोपऱ्यात उभा राहिला. फादरने तेलाची डबी उघडली आणि विचारलं, “रोजाबाई, सगळ्यांना क्षमा केलीस ना?”

“मी केली,” ती म्हणाली. मग उशाशी बसलेल्या पेद्रूकडे बघितलं. “पन याची व्हायची हाय. फादर, तेल पुढल्या खेपेला लावा.”

फादरने ऐकलं नाही, तेल लावलंच. पण म्हातारी खरंच नाही मेली. उलट संध्याकाळी पेज मागितली. वाडीत हशा पिकला. पेद्रू तेवढा हसला नाही. आई कशासाठी थांबली आहे ते त्याला आता सगळ्यांदेखत कळलं होतं.

* * *

आणि हा शेवटचा.

त्या वर्षी पेद्रूने नवी होडी बांधली होती. फादर येऊन बाकीच्या होड्यांवर पाणी शिंपडून गेला तेव्हा तिचं काम पुरं झालं नव्हतं. म्हणून ती फादरच्या पुढच्या फेरीची वाट बघत वाळूवर ओंडक्यांवर उभी होती. अंतोन मात्र होडीवर रीतसर पाणी शिंपडून घेऊन समुद्रावर जात होता.

एके दुपारी वारा फिरला. होड्या एकेक करून परत आल्या, जुझेची आली, सगळ्यांच्या आल्या. अंतोनची नाही. जुझे म्हणाला, डोल जाळं बांधायच्या खुंटाजवळ त्याला बघितला, जाळ्याशी झटत होता. चॅपेलची घंटा वाजायला लागली. रोजामायला उचलून पायरीवर बसवलं. पेद्रूने रोजरी हातात घेतली आणि सुरुवात केली.

“हे आमच्या स्वर्गीय बापा, तुझे नाव पवित्र मानले जावो, तुझे राज्य येवो...”

आणि थांबला.

आम्ही वाट बघतोय. त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा तिथेच थांबला. पुढचं वाक्य ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’. ते तर त्याच्याच वाट्याचं!

“पुढं बोल, पेद्रू,” रोजामाय म्हणाली.

“न्हाय बोलवत, आये.”

त्याने रोजरी आईच्या हातात दिली आणि सरळ किनाऱ्याकडे चालायला लागला. आम्ही मागे धावलो. तो नव्या होडीपाशी गेला आणि तिला खांदा लावला.

जुझे ओरडला, “पेद्रू! पानी पडलं न्हाय हिच्यावर!”

पेद्रूने मागे बघितलंसुद्धा नाही. “हात लाव, न्हायतर बाजूला हो.”

जुझेने हात लावला. मग सगळ्यांनीच लावला. जुझे आणि आणखी दोघं त्याच्याबरोबर चढले. मी काठावर उभी. देवाचं नाव घ्यायचं सोडून मी नवऱ्याच्या नावाने ओरडत होते. होडी लाटेवर चढली, उतरली, मग दिसेनाशी झाली.

वर पायरीवर रोजामायने प्रार्थना धरली होती. सांगणारा भागही ती म्हणत होती, लोकांचा भागही तीच. आमचे सगळ्यांचे डोळे पाण्यावर.

दिवस मावळता मावळता होडी आली. आत माणसं मोजायला सगळ्या बायका पाण्यात. आधी जुझे दिसला. मग पेद्रू. आणि त्याच्या मागे, अंगावर पेद्रूचा सदरा, अंतोन.

पेद्रू उतरला, त्याने अंतोनचं मनगट धरलं आणि ओढतच वर घेऊन आला. आता हा त्याला मारतो की काय, असं वाटून मी डोळे मिटायच्या बेतात होते. रोजामाय पायरीवरून उठू बघत होती, तिला उठवेना.

पेद्रूने भावाला तिच्यासमोर उभं केलं. आणि तो संतापून, अगदी लहानपणी तक्रार करत असेल तसा म्हणाला,

“आये, याला ओरड जरा! जाळं सोड, जाळं सोड म्हनून बोंबललो, तर ऐकतच न्हाय माझं!”