घासलेल्या बेडची लेथ

जुनी लेथ विकताना गिऱ्हाइकाला आखूड तुकडाच कातून दाखवायचा. हे मला कुणी शिकवलं नाही. दोन-तीन मशिनी घेतल्या-विकल्या की आपोआप कळतं. ज्या लांब रुळांवर हत्याराचा गाडा मागेपुढे सरकतो, त्यांना बेड म्हणतात. बरीचशी कामं आखूड असतात आणि ती काम धरणाऱ्या चकच्या जवळच होतात, म्हणून बेड त्याच बाजूला घासतो. तिथे गाडा केसभर खाली बसतो. आखूड तुकडा त्या खोलगट जागेतच सुरू होतो आणि तिथेच संपतो, त्यामुळे तो सरळ निघतो. लांब शाफ्ट लावली की खोटं बाहेर येतं. चकजवळ जाड, पलीकडे बारीक. त्याला टेपर म्हणतात.

पांढुर्ण्यात घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये मी हे काम करतो. नागपूरकडच्या बंद कारखान्यांतल्या मशिनी आणायच्या, साफ करून चालू करायच्या आणि घरीच छोटं वर्कशॉप टाकणाऱ्यांना विकायच्या. उरलेल्या वेळात मी लिहितो. आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त होती. वडील शिक्षक, शाळेतून आले की कुठल्यातरी आंदोलनाचं पत्रक खिशातून काढून माझ्यापुढे टाकायचे. मी वाचायला त्या पत्रकांवरच शिकलो. मला उद्गारचिन्ह पूर्णविरामाच्या आधी कळलं. पुढे मी स्वतः पत्रकं काढली. एक संत्र्याच्या व्यापाऱ्यांवर होतं, जे बागेत एक सांगतात आणि गाडी भरताना दुसरंच करतात. एक नारळ-लिंबाच्या नावाने चालणाऱ्या भीतीवर होतं. दोन्ही मी सौंसरच्या बसस्टँडवर उभं राहून वाटली होती.

म्हणूनच ती माझ्याकडे आली. आयटीआयमधून टर्नर झालेली, कारखान्यात तीन वर्षं लेथ चालवलेली, सौंसरला राहत्या घरी स्वतःचं काम सुरू करायच्या जिद्दीने आलेली मुलगी. सोबत तहसील कचेरीतून निवृत्त झालेले तिचे वडील. मशीन पाहायच्या आधीच ती म्हणाली, "दादा, तुमचं ते व्यापाऱ्यांवरचं पत्रक मी वाचलं होतं. म्हणून दुसरीकडे कुठे पाह्यलंच नाही."

मला बरं वाटलं. हे इथे लिहिलंच पाहिजे, की मला बरं वाटलं.

त्या लेथचा बेड चकजवळ चांगलाच गेला होता. मी बारीक एमरी पेपर आणि तेल लावून त्याला अशी चमक आणली होती की नजरेला काही सापडू नये. मी पितळेचा वीतभर तुकडा लावला, कातला आणि मायक्रोमीटर तिच्या हातात दिला. दोन्ही टोकं सारखी. तिने बेडवरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि विचारलं, "लांब रॉड लावून पाहू का एक?"

"रॉड नाही ना आता शेडमध्ये," मी म्हणालो. रॉड दाराच्या मागेच उभे होते.

"मग उद्या येतो आम्ही," ती म्हणाली.

तेव्हा मी आत गेलो आणि देवघरातला नारळ घेऊन आलो.

आमच्याकडे विकायच्या मशिनीवर नारळ फुटला की ती मशीन घेणाऱ्याची झाली. त्यानंतर तिची पारख करणं म्हणजे तिचा अपमान, असं जुने मिस्त्रीही मानतात. कागदावर सही करून माणूस मागे फिरेल, नारळ फोडून फिरत नाही. मी नारळ तिच्या हातात दिला नाही, वडिलांच्या हातात दिला.

"काका, मुहूर्त चांगला आहे. तुमच्या हातानेच होऊन जाऊ द्या."

"हाव ना, शुभ कामाले उशीर काहून करायचा," काका खूश झाले. मुलगी माझ्याकडे पाहून हसली. "दादा, तुम्ही तर नारळाच्या विरोधात लिहिता ना?"

"घरच्यांसाठी करावं लागतं," मी म्हणालो. नारळ फुटला. खोबरं मीच वाटलं.

महिन्याभराने तिचा फोन आला. सौंसरच्या मोटर-रिपेअरवाल्याने तिला पंपाच्या शाफ्टचं काम दिलं होतं आणि चारही शाफ्ट परत केल्या होत्या. "टेपर येऊन राहिला, दादा. कारखान्यात असं कधी होत नव्हतं. माझाच हात बसून नाही राहिला या मशिनीवर."

मी सौंसरला गेलो, पण खरं सांगितलं नाही. शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला आधार देणारा भाग, टेलस्टॉक, थोडा बाजूला सरकवून टेपर कसा घालवायचा, ते मी तिला दाखवलं. दोन्ही टोकं जुळली. मधली जागा मात्र चुकणार, हे मला ठाऊक होतं, कारण बेडला पडलेला खड्डा असा भरून येत नसतो. तिने मध्ये मापलं नाही. माझ्यावर विश्वास होता. तिच्या आईने मला भरीत-भाकर वाढली आणि "आमच्या पोरीले गुरू भेटला," असं म्हणाली. मी दुसरी भाकर मागून घेतली.

मग एक दिवस काकांचा फोन. "मशीन परत घेता का, भाऊ? जो भाव द्यान तो द्या. पोरगी म्हणते माह्यात ते हुनरच नाही. साडीच्या दुकानात जागा आहे म्हणते, तिकडे चालली."

माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं, तेही सांगतो. मशीन स्वस्तात परत येईल, बेड घासलाय हे कुणाला कळणार नाही, प्रकरण मिटेल. मी "पाहतो" म्हणून फोन ठेवला. हातात एका नव्या पत्रकाचा मसुदा होता. 'फसवणूक' हा शब्द त्यात तीनदा आला होता. मला पुढे एक ओळही लिहिता आली नाही.

शनिवारी निघालो. जामसांवलीच्या हनुमानाला जाणाऱ्यांनी बस भरलेली होती, ती तिथे रिकामी झाली. सौंसरपर्यंत मला बसायला जागा मिळाली, तरी मी उभाच राहिलो.

ती अंगणातल्या शेडमध्ये होती. लेथवर जुनी चादर टाकलेली. मी चादर काढली, लोखंडी पट्टी बेडच्या लांबीवर ठेवली आणि मागून टॉर्च धरला. चकजवळ पट्टीखालून उजेड आला.

"हे मला विकायच्या आधीपासून माहीत होतं," मी म्हणालो. "रॉडही होते त्या दिवशी शेडमध्ये."

ती वाकून त्या उजेडाकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे माझा हात बरोबर होता?"

"बरोबर होता."

"आणि तो टेलस्टॉक?"

"तेही मी झाकायलाच केलं."

मला वाटलं ती रडेल किंवा ओरडेल. तिने हात पुसले आणि दारातून हाक मारली, "बाबा, इकडे या जरा." काका आले. "आता हेच यांच्यापुढे सांगा," ती मला म्हणाली. मी सांगितलं. काका खाटेवर बसले. "मी पोरीले रोज बोलून राहिलो होतो ना बापा," एवढंच ते म्हणाले, आणि ते माझ्याशी बोलत नव्हते.

मी मशीन परत नेतो म्हणालो. "मशीन इथेच राहील," ती म्हणाली. "बेड नागपूरला ग्राइंडिंगला जाईल. तुम्ही न्यायचा, तुम्ही आणायचा. आधी चला."

तिने स्कूटीवर बसवून मला मोटर-रिपेअरवाल्याकडे नेलं. दुकानात दोन-तीन शेतकरी पंप घेऊन बसले होते. मी तिसऱ्यांदा तेच सांगितलं. दुकानदाराने वाइंडिंगमधून मान वर केली, मला न्याहाळलं आणि हसायला लागला.

"मानलं तुले, भाऊ! टर्नर पोरीलेच चिपकवली बे मशीन! धंदा कराव तर असा." त्याने शेजारच्याला कोपर मारलं. तोही हसला. "अन् सांगाले काहून आला बे? पचत नव्हती का?"

आयुष्यभर ज्यांच्यावर लिहिलं, त्यांनी मला आपल्यात बसायला जागा करून दिली होती. स्टूल पुढे सरकवलं, चहा सांगितला.

ती हसली नाही. "काका, शाफ्ट माझ्या हातानं बिघडल्या नव्हत्या, एवढं ऐकून ठेवा," ती दुकानदाराला म्हणाली. "बेड आला की चार फुकट करून देतो. मग काम द्यायचं का नाही, तुम्ही ठरवा."

त्याचं हसू ओसरलं. "आण मग. मधातबी मापीन मी."

"मापा ना," ती म्हणाली आणि बाहेर येऊन स्कूटीला किक मारली. मी मागे बसायला पुढे झालो. तिने आरशात पाहिलं आणि गाडी काढली. चहा आला. मी तो घेतला नाही; तिच्याच पान्यांनी बेड खोलायला घ्यायचा म्हणून तिच्या घराकडे चालत निघालो.