बोरनहाणाला कोण आत आलं नाही

लहान लेकरांशी काय बोलावं हे मी लिहायला बसणं म्हणजे जरा आगाऊपणाच आहे. माझं लग्न झालेलं नाही, मूलबाळ नाही. घरातून कॉलेजपर्यंत पोचलेला मी पहिलाच, त्यामुळे लिहिण्याचीही फारशी सवय नाही. ज्यांनी चार लेकरं वाढवली त्यांना यातलं सगळं आधीच कळलेलं असेल. त्यांनी माफ करावं. आमच्या घरात जे घडलं ते मनातून जात नाही, म्हणून लिहितो.

आमचं गाव वालूरच्या अलीकडे आहे. घरात आई, दादा, वैनी आणि दादाची चार वर्षांची मुलगी. मी परभणीला होस्टेलवर राहतो आणि सुट्टी मिळाली की गावी येतो.

बोरनहाण आमच्याकडे पूर्वी नव्हतं. वैनी सेलूच्या, त्यांनी ते माहेराहून आणलं. संक्रांतीनंतर लहान लेकराला काळा फ्रॉक घालायचा, हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवायचं आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे, गोळ्या ओतायच्या. गल्लीतली लेकरं बोलवायची आणि त्यांनी ते वेचायचं. लेकरांना त्या वेचण्यातच सगळी मजा असते.

यंदा पुतणीने आमंत्रणं स्वतःच दिली. अंगणवाडीत ती जिच्या मांडीला मांडी लावून बसायची, त्या मैत्रिणीला तर रोजच सांगत होती. ती मैत्रीण गावाच्या पलीकडच्या वस्तीतली. त्या वस्तीतले लोक आमच्या शेतात कामाला येतात, बोलणं-चालणं सगळं असतं, पण आमच्या घरात ते बसत नाहीत. का बसत नाहीत, हे कुणी कुणाला सांगितल्याचं मला आठवत नाही.

त्या दिवशी ओसरी लेकरांनी भरली होती. मी मोबाईलवर शूटिंग करत होतो. तेवढ्यात ती मैत्रीण आईचं बोट धरून दारात आली. अंगात नवा फ्रॉक होता, केसांना तेल लावून दोन रिबिनी बांधलेल्या. माझी आई लगबगीने पुढे झाली.

"आगं बया, आलीस का? थांब हां, तिथंच थांब."

आईने वैनीकडे पाहिलं. वैनी आत गेल्या आणि एक पिशवी भरून घेऊन आल्या. गच्च भरली होती. वर दोन चॉकलेटं जास्तच घातली होती.

"घे बाई, घरी जाऊन खा," आई म्हणाली.

पुतणी पाटावरून ओरडली, "ये की आत! संपायलंय सगळं!"

"तिला घाई हाय घरी जायची," आईनेच उत्तर दिलं.

मैत्रिणीची आई म्हणाली, "व्हय, चाललो आमी." पोरगी मात्र मान वळवून वळवून मागे बघत गेली. शूटिंगमध्ये ते आलेलं नाही. मी मोबाईल पाटाकडे धरला होता.

रात्री जेवताना पुतणीने विचारलं, "ती आत कामून आली न्हाई?"

"तिला सर्दी झालती," वैनी म्हणाल्या.

"असलं इचारत नसतेत. जेव गुमान," आई म्हणाली.

आम्हाला वाटलं, विषय संपला.

दोन-तीन दिवसांनी मी ओसरीवर पेपर वाचत होतो आणि पुतणी शेजारी खेळत होती. प्लास्टिकची एक बाहुली, एक पळी, एक बिनचाकाची मोटार आणि पावडरचा रिकामा डबा, एवढी तिची मंडळी. बाहुली पाटावर होती. पळी आणि मोटार समोर. पावडरचा डबा मात्र तिने लांब पायरीवर नेऊन ठेवला होता.

"तू थांब तिथंच," ती डब्याला माझ्या आईच्याच सुरात म्हणाली. "तुझी पिशवी येतीय."

मला आधी हसू आलं. मग वर पाहिलं तर वैनी हातात सूप घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांना हसू आलं नव्हतं.

"ह्याला आत घे की गं," वैनी म्हणाल्या.

"न्हाई. ह्याला सर्दी हाय."

"बरी झाली सर्दी."

पुतणीने जरा विचार केला. "न्हाई. हे बाहेरचंच हाय."

त्याच आठवड्यात ती अंगणवाडीला जायला रडू लागली. कारण विचारलं तर म्हणाली, "ती माझ्याजवळ बसंना. तिच्या आईनं सांगितलंय, माझ्याजवळ बसायचं न्हाई." मैत्रीण भिंतीकडे सरकून बसायची आणि ही दिवसभर तिच्याकडे बघत राहायची. खिचडीसुद्धा खायची नाही.

वैनी मला म्हणाल्या, "भावजी, तुमी कॉलेजात शिकता. सांगा तिला काय सांगायचं ते."

मी होस्टेलवर मोबाईलवर एक लेख वाचला होता. परदेशातल्या आईबापांसाठी होता. कातडीच्या रंगावरून, वंशावरून माणसं माणसांना कमी लेखतात, हे लहान मुलांना कसं सांगावं, असा. वाचताना वाटलं होतं, हे त्यांचं आहे, आपल्याकडे कुठे असं. आता त्यातलं जे आठवत होतं ते गोळा करून मी पुतणीला मांडीवर घेतलं.

"हे बघ, सगळी माणसं सारखीच असतेत."

"मंग तिला आत कामून घेतलं न्हाई?"

मी वर पाहिलं. समोर आई वालाच्या शेंगा सोलत बसली होती. खरं उत्तर द्यायचं तर ते आईवर येत होतं, आणि माझ्यावरही. लेखात आजीचं काही नव्हतं.

मग वैनीच खाली बसल्या. सावकाश, शब्द शोधत बोलल्या. "तिला सर्दी न्हवती. मी खोटं सांगितलं. काही लोकांला वाटतं, अमक्या घरची माणसं आपल्या घरात येऊ ने. लय वर्षांपासून वाटतं. ते चूक हाय. ती तुझ्यासारखीच हाय, आणि तिला बाहेर ठिवलं ते आमी चुकलो."

"आजी बी चुकली?"

शेंगा सोलायचा आवाज थांबला.

"मला कशाला मधी घेता?" आई म्हणाली. "लय शहाणी झाली तुझी आई." आणि टोपली उचलून आत गेली.

संध्याकाळी मात्र आई माझ्याजवळ येऊन बसली. मग म्हणाली, "आमाला बी कुणी तोंडानं सांगितलं न्हाई रे. मायला बघितलं, तसं केलं. पिशवी भरून दिली, तर वाटलं चांगलंच केलं." तिचा आवाज इतका लहान झाला होता की मला तिचं वाईट वाटलं. तिला दोष द्यायचा तर मलाही द्यावा लागेल, आणि मी तर शिकलेला.

दुसऱ्या दिवशी वैनी पुतणीला घेऊन त्या वस्तीत गेल्या. दादाने नको म्हटलं नाही, चल मीही येतो असंही म्हटलं नाही. परत आल्यावर वैनी एवढंच म्हणाल्या, "पोरीची माफी मागितली. तिची आई म्हणली, लेकरांचं काय एवढं मनावर घेता. पण पोरगी तिच्या पदरामागून बाहेर आली न्हाई. घरी पाठवा म्हणलं, तर म्हणली बघू."

"परत जाल का?"

"न्हाई. सारखं जाऊन त्यांला पेचात कशाला टाकायचं? आता त्यांला वाटंल तवा."

मी परभणीला परत आलो. फोन केला की आधी तेच विचारायचो, "आली का?" वैनी म्हणायच्या, न्हाई. एकदा म्हणाल्या, अंगणवाडीत जवळ बसायलीय, पण घरी न्हाई. नंतर माझी परीक्षा आली आणि विचारायचं राहून गेलं.

काल मेसमध्ये जेवत होतो तेव्हा वैनींचाच फोन आला. मागे नुसता गोंधळ चालला होता.

"भावजी, तुमच्या पुतणीला बोचकारलंय तिनं. गालावर."

"कुणी?"

"कुणी काय इचारता? तिनंच. अंगणवाडी सुटल्यावर आपलीच्या मागं आली, सरळ सैपाकघरात. बोळक्यांवरनं भांडल्या. आपलीनं तिच्या झिंज्या उपटल्या, तिनं बोचकारलं."

"मग?"

"मंग तिची आई पळत आली, तोंड पांढरंफट. आल्या आल्या पोरीवर हात उचलला. आपल्या आईनं धरला तो हात. म्हणल्या, मारू नको, लेकरं हायेत, भांडतेलच."

"आता काय चाललंय?"

"आता तिची आई पोरीला घरी चल म्हणायलीय, अन् दोघी दोन कोपऱ्यात फुगून बसल्यात. एकमेकीकडं बघंनात. पण पोरगी काही उठंना."