वेंडेलची पन्नास काडतुसं

माझा मेव्हणा वेंडेल ब्रेक्के हा जातिवंत आरंभशूर. त्याच्या गॅरेजात मधमाश्यांच्या पेट्या आहेत, माशी एकही नाही. घरी बिअर करायचं पिंप आहे, त्यात हल्ली कुत्र्याचं खाणं असतं. अर्धी होडी आहे. उरलेली अर्धी बारा वर्षं 'पुढच्या उन्हाळ्यात' व्हायची आहे. माझी बहीण लोरेन हे कसं सोसते, तिचं तिला ठाऊक.

त्याची मुलगी सिग्नी नर्सिंगचं शिक्षण संपवून घरी आली आणि तिने आयुष्यात पहिल्यांदा एल्कच्या, म्हणजे इथल्या घोड्याएवढ्या हरणाच्या, शिकारीचा परवाना काढला. झालं! बापाने जाहीर करून टाकलं, "पोरीचं पहिलं एल्क माझ्या हातच्या काडतुसानेच पडणार!"

काडतुसं घरी भरणं आमच्या मोंटानात नवलाचं नाही. वापरलेली पुंगळी साफ करायची, बुडाला ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, बंदुकीची दारू मापून घालायची, वर गोळी दाबायची. मी तळघरात तीस वर्षं हेच करतोय, दार लावून, फोन वरच्या मजल्यावर ठेवून. आणि आमच्यात एक रीत आहे. दुसऱ्याने भरलेलं काडतूस आपल्या रायफलीत घालायचं नाही, सख्ख्या भावाचंही नाही. त्याच्या हातचं जेवा खुशाल. पुंगळीच्या आत काय आहे ते भरणाऱ्यालाच माहीत असतं, आणि वेंडेलसारख्याला तर तेही माहीत नसतं.

खरं सांगायचं तर तो आधी माझ्याकडेच आला होता. "मर्ल, एकदा समोर बसवून दाखव ना रे."

"तुझ्या हातात मी मीठदाणीसुद्धा देणार नाही," मी म्हणालो.

लोरेन खो खो हसली. वेंडेलही हसला, जरा उशिरा. सिग्नी मात्र हसली नाही.

मग साहेब फोनवरचे व्हिडिओ बघून शिकले. यंत्र आलं, तराजू आला, नाव शिवलेला एप्रन आला. पंधरा दिवसांत स्वारी अर्ध्या हळकुंडाने पिवळी झाली. चर्चनंतरच्या कॉफीला हा माणूस पास्टरला दारूच्या दाण्यांचे आकार समजावून सांगत होता, आणि मी कोपऱ्यात डोनट खात त्याची नक्कल करून लोकांना हसवत होतो.

सप्टेंबरात एका रविवारी त्याने आम्हाला खडीच्या खाणीवर बोलावलं. पन्नास काडतुसांची पेटी त्याने असल्या थाटात उघडली, की जणू आत अंगठ्याच होत्या.

"आधी मी उडवतो. मग तू, सिग्नी."

पहिली चार ठीक गेली, हे मला कबूल करावं लागेल. पाचव्याला बार झालाच नाही. फुस्स! सायकलच्या ट्यूबमधून हवा गेल्यासारखं.

"निघालं एखादं फुसकं," वेंडेल म्हणाला आणि त्याने झटक्यात पुंगळी बाहेर काढून सहावं आत सारायला घेतलं. मी दोन पावलं मागे सरलो. सिग्नीने मात्र झेप घेऊन त्याचं मनगट धरलं.

"बाबा, थांबा! रायफल खाली ठेवा. आधी नळीतून बघा."

आम्ही मागून नळीत पाहिलं. पलीकडचा उजेड दिसेना. पाचवी गोळी टोपीच्या ठिणगीने जेमतेम पुढे सरकून नळीतच अडकली होती. त्या काडतुसात टोपी होती, गोळी होती, दारूचा कणही नव्हता. सहावं त्याच्यामागून उडालं असतं, तर नळी फुटून वेंडेलच्या तोंडावर आली असती.

"दारू घालता घालता फोन आला होता," वेंडेल पुटपुटला. "होडीच्या फळीवाल्याचा."

"अरे गाढवा, गोळी दाबण्याआधी प्रत्येक पुंगळीत टॉर्च मारून बघायचं असतं!" मी आता ओरडलो. "दारू घातलीय की नाही ते दिसतं! शेंबड्या पोरालाही कळतं हे!"

"त्यांना कोणी सांगितलं होतं, मामा?" सिग्नी म्हणाली.

मी वाकून काडतुसांची पेटी बंद केली.

त्या आठवड्यात बापलेकीने उरलेली पंचेचाळीस काडतुसं एकेक करून खोलली. आणखी दोन बिनदारूची निघाली. वेंडेल सगळं यंत्र विकायला निघाला होता, पण सिग्नीने विकू दिलं नाही. दोघांनी पुन्हा भरायला घेतलं. दारू तो घालायचा, टॉर्च ती मारायची. फोन लोरेनच्या पिठाच्या डब्यात.

नोव्हेंबरात तिने एल्क पाडलं, एकाच गोळीत. थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या जेवणात टर्कीच्या शेजारी त्याचंच भाजलेलं मांस होतं, आणि वेंडेलच्या खिशात ती रिकामी पुंगळी होती. दर पाच मिनिटांनी बाहेर काढून तो पुसत होता. मला राहवलं नाही.

"दुसऱ्याचं काडतूस घातलंस तू," मी सिग्नीला म्हणालो. "वेडी आहेस का?"

"मामा, तू तीस वर्षं भरतोयस. एकदाही चुकलं नाही ना?"

"एकदाही नाही."

"आणि तुझ्याशिवाय ती कोणी उडवली?"

मी लोरेनकडे पाहिलं. ती ग्रेव्ही ढवळत होती.

"आमच्यात तशी रीत नाही," मी म्हणालो.

"हो, माहितेय," सिग्नी म्हणाली आणि तिने बापाच्या ताटात आणखी एक तुकडा वाढला.