आडनाव न विचारणारा नकाशा

मंडळी, गेममध्ये नकाशा वापरणं म्हणजे लबाडी, असं या ग्रुपवर ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितेय.

आज दुपारी केडगावच्या सायबर कॅफेत आपल्या ऑनलाइन गेममध्ये जादूगारीण होऊन फिरताना मी जंगलात हरवले. आपल्यातल्याच एका जुन्या खेळाडूला किल्ल्याची वाट विचारली. त्याने टाईप केलं, "सांगतो, आधी आडनाव सांग."

आडनाव कळलं की जात कळते. काष्टीच्या बाजारातही वाट विचारली की हेच ऐकते. पण तिथं मी निदान जादूगारीण तरी नसते!

मी चॅटची खिडकी बंद केली. मैत्रिणीने दिलेली फ्लॉपी काढली. कॅफेवाला ओरडला, "ताई, बाहेरची फ्लॉपी लावायची न्हाई, व्हायरस येतो!"

"आला तर मी निस्तरते," म्हटलं आणि नकाशाचं ॲड-ऑन टाकलं. आता मी चालते तशी वाट कोपऱ्यात आपोआप उमटते. किल्ला माझा मीच शोधला.

तिथून परतताना एका नवख्या खेळाडूने मला वाट विचारली. मी काही बोलायच्या आत त्याने स्वतःचं आडनावही टाईप केलं.

म्हटलं, "ते राहू दे. डावीकडे वळ, पूल ओलांड, मग सरळ."

नकाशा काढून टाक म्हणणाऱ्यांनो, तुम्ही त्याला काय विचारलं असतं?