दाजींचा चोरखिसा

जगात बाजार नावाची गोष्ट असते आणि तिथं वस्तू विकत मिळतात, ही बातमी आमच्या साडूंपर्यंत कधी पोचलीच नाही. पाव, केक, नानकटाई, उशांचे अभ्रे, पिशव्या, परकर, मिरच्या, कढीपत्ता, देवाची फुलं, जे जे म्हणून माणसाला लागतं ते घरीच झालं पाहिजे असा त्यांचा हट्ट. मीठ आणि काडेपेटी एवढ्यासाठीच ते दुकानाची पायरी चढतात, आणि तेही उतरलेल्या तोंडानं. बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही दाजीच म्हणतो. तरुणपणी तालमीत कमावलेलं शरीर, मोडलेले कान, दाराची चौकट भरून टाकणारी उंची. नोकरी फौंड्रीत फिटरची. असा माणूस कळंब्याच्या आपल्या घरात, पोरीच्या फ्रॉकला झालर लावत शिलाई मशीनवर बसलेला पाहिला की नवा पाहुणा दारातच थबकायचा. हातानं टाके घालताना त्यांच्या बोटांत सुई दिसायचीच नाही. हात नुसता हवेत वर-खाली होतोय असं वाटायचं.

मशीन खरं तर अक्कांचं, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचं. माहेरहून आलेलं आणि तेव्हापासून वरवंटा, जुनी कॅलेंडरं आणि मांजर ठेवण्याच्या कामी आलेलं. नव्वदच्या दशकात कधीतरी एका रविवारी दाजींनी ते तेलपाणी करून सुरू केलं, एकदा चालवून बघतो म्हणून बसले, ते उठलेच नाहीत. टेप त्यांनी कधी वापरली नाही. ते माप मिठीनं घेत. दारात गेलं की "या की पावणं!" म्हणून असे आवळायचे की बरगड्या बोलायच्या, आणि सोडताना स्वतःशीच पुटपुटायचे, "छाती तीच हाय, पोट सुटलंय." पुढच्या भेटीला शर्ट तयार. अंगाला अगदी बरोबर बसायचा. गोची एकच, कापड ते ताग्यानं आणत आणि तागा संपेपर्यंत दुसरं आणत नसत. त्यांच्या वास्तुशांतीच्या फोटोत मी पडद्यापुढं उभा आहे. शर्ट आणि पडदा एकाच ताग्यातले. फोटोत मी दिसतच नाही, पडद्याला भोक पाडून कुणीतरी नुसतं तोंड बाहेर काढलंय असं वाटतं.

केकची तर वेगळीच तऱ्हा. दिवाळीत सगळी गल्ली नानकटाईचे डबे घेऊन बेकरीच्या भट्टीवर रांग लावायची, तेव्हा दाजी अंगणात शेगडीवर कढई चढवून, तीत वाळू तापवून, तिच्यात डबा पुरून केक भाजायचे. वाळू कुरुंदवाडहून, नदीची, धुऊन, वाळवून, चाळून घेतलेली. कुणी नाक मुरडलं तर म्हणायचे, "वाळूचं मला शिकवू नगा. फौंड्रीत वाळूच्या साच्यांतच जलम गेलाय." अंडं घरात चालत नसल्यानं दही घालून ते पीठ असं मळून काढायचे की मला आखाड्यातली तांबडी माती आठवायची. आणि केक वाळूत असेपर्यंत घरात कुणी पाय आपटायचा नाही, दार लावायचं नाही, आवाज चढवायचा नाही. का, तर केक बसतो. अक्कांनी हे बरोबर हेरलं होतं. वर्षभराची सगळी भांडणं त्या नेमक्या त्याच वेळी काढायच्या. दाजी कढईपाशी उकिडवे बसून, झाकणाकडं बघत, दबक्या आवाजात "व्हय, चुकलं. व्हय, तेबी चुकलं," करत राहायचे. केक फुगून वर यायचा आणि अक्कांचं मनही हलकं व्हायचं.

पण त्यांचा खरा जीव बागेत. बाग कसली, घराभोवतीची वीतभर जागा, पण तिच्यात पाय ठेवायला वाव नव्हता. त्यातलं एकही रोप त्यांनी विकत घेतलेलं नव्हतं, की मागून आणलेलं नव्हतं. "मागून आणल्याली फांदी लाजंनं मरतीया," ते सांगत. "चोरून आणल्याली जिद्दीनं जगतीया." तसं हे आमच्याकडं घरोघरी म्हणतात, पण दाजींनी त्यासाठी सोय करून ठेवली होती. स्वतःच्या प्रत्येक शर्टाला आतून, डाव्या बाजूला, ते एक चोरखिसा शिवत. त्याला दुधाच्या पिशवीचं अस्तर, आत ओला कापूस, आणि सोबतीला बोटभर कात्री. माझ्या शर्टांनाही त्यांनी तसाच खिसा शिवला. तो कायम कोरडा राहिला. मी पडलो भित्रा माणूस. देवळाबाहेर चुकून दुसऱ्याची चप्पल पायात गेली तर घरून परत जाऊन जागेवर ठेवणारा, आणि तोवर स्वतःची हरवून बसणारा. वर्गात खोडी कुणीही काढो, कान माझे लाल व्हायचे. दाजींकडून मी रीतसर मागून कितीतरी रोपं नेली. सगळी गेली. "मागताय, म्हणून मरतात," दाजी म्हणायचे. "एकदा चोरा की पावणं! खिसा काय शोभंला दिलाय?"

आता गिरिजाच्या सोयरिकीची गोष्ट सांगतो. गिरिजा ही दाजींची एकुलती एक. आलेली स्थळं तिनं एकेक करून परतवली होती, आणि गडहिंग्लजचं एक स्थळ बघून गेलं तेव्हा मात्र ती काहीच बोलली नव्हती. ती काही बोलली नाही याचा अर्थ घरातल्या सगळ्यांना कळला. मुलाचं कापडाचं दुकान, घरात तो आणि त्याची आई. आता दाजी, अक्का आणि मी, आम्ही त्यांचं घर बघायला जायचं होतं. निघताना गिरिजानं बापाला दारात अडवलं.

"अप्पा, तिथं कुठल्या झाडाला हात लावायचा नाही."

"न्हाय लावत."

"शपथ घ्या."

"तुझी शपथ. हात लावत न्हाय."

एसटीत केकचा डबा त्यांनी मांडीवर तान्ह्या बाळासारखा धरला होता. खड्डा आला की स्वतः अर्धवट उभे राहायचे, म्हणजे हिसका डब्याला बसू नये. गडहिंग्लजला पोचलो. दारातच दाजींनी मुलाला मिठी मारली आणि माझ्या कानात म्हणाले, "खांदं चांगलं हाईत." मुलाची आई कडक बाई. पदर खोचलेला, नजर सरळ. केक खाल्ला, "बरा झालाय की ओ," एवढंच म्हणाल्या. बोलणी चालली होती तेवढ्यात दाजींची नजर खिडकीतून परसात गेली आणि तिथंच अडकली. परसात पिवळी अबोली होती. केशरी आमच्याकडं दारादारात, पण पिवळी दाजींनी आयुष्यात पाहिली नव्हती.

"हात धुऊन येतो," ते उठले. जाताना मला डोळ्यानं खुणावलं, बाईंना बोलण्यात गुंतवा. मी पावसावर बोललो, उसावर बोललो, मग विषय संपले. दाजी परत येऊन बसले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर देवदर्शनाचं समाधान होतं. माझी चुळबूळ सुरू झाली. मुलाच्या आईनं माझ्याकडं बघितलं आणि अगदी सहज विचारलं, "तुम्हांस्नी काय पायजे काय?" चहा पाहिजे का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तुमची अबोली त्यांच्या खिशात आहे."

अक्कांनी डोळे मिटून घेतले. दाजींनी शर्टाचं वरचं बटण सोडून खिशातली फांदी काढली आणि समोर धरली. एवढा दांडगा माणूस, पण वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखा दिसत होता. बाईंनी फांदीकडं बघितलं, कापसाकडं बघितलं, दुधाच्या पिशवीच्या अस्तराकडं जरा जास्तच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "ठेवा आता. कापलीया ती कापलीया. आम्ही कळवतो."

कळवतो म्हणजे काय ते आम्हांला माहीत होतं. परतीच्या एसटीत कागलच्या पुढं दाजी हळूच म्हणाले, "हात न्हवता लावला. कात्री लावलीती." घरी सगळं कळल्यावर गिरिजानं त्यांच्याशी अबोला धरला. दाजींनी फांदी कुंडीत खोचली आणि मशीन, कढई सगळं सोडून तिच्यापाशी बसून राहू लागले. माझ्यावर मात्र कुणी एका शब्दानं रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं.

आणि मग एका सकाळी, निरोप नाही, चिठ्ठी नाही, मुलाची आई एकटीच कळंब्याला येऊन दारात उभी. मीही त्या दिवशी तिथंच होतो. बाईंनी पाणीही घेतलं नाही, पहिला प्रश्न केला, "लागली काय ती?" दाजींनी कुंडी दाखवली. फांदीला हिरवा कोंभ आला होता. बाईंनी मान हलवली. गिरिजाच्या हातचा चहा घेतला, घर बघितलं. "बाग बघून येतो जरा," म्हणत एकट्याच मागं जाऊन आल्या, आणि "येतो आम्ही, कळवतो," म्हणून निघाल्यासुद्धा. पुन्हा तेच कळवतो. गिरिजा आत गेली. अक्का मटकन पायरीवर बसल्या.

तेवढ्यात मागून दाजींची आरोळी आली. आम्ही सगळे धावलो. दाजी त्यांच्या लाडक्या गावठी गुलाबापुढं उभे होते. ज्याचं एक फूल ते अक्कांनाही तोडू देत नसत, त्याची सगळ्यांत चांगली फांदी गायब होती. कापलेल्या जागी अजून ओल होती.

"चोरली!" दाजी ओरडत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "गिरिजे, बाहेर ये! सोयरीक जमली! जिथली पोरगी न्यायची न्हाय, तिथलं झाड कोण न्हेतंय?"

गिरिजा बाहेर आली, कापलेल्या फांदीकडं बघितलं आणि बऱ्याच दिवसांनी "अप्पा," म्हणाली. पुढं काही बोलायच्या आत दाजींनी तिला मिठी मारली होती. लग्नाच्या पोलक्याचं माप तेव्हाच घेतलं, असं ते पुढं सांगत असत.

मध्यंतरी दाजींकडं गेलो होतो. आता डोळे अधू झालेत, हाताला कंप आहे. मशीनवर पुन्हा मांजर बसतं. कढई अक्कांनी माळ्यावर टाकली. पिवळी अबोली मात्र कुंपणभर पसरलीय. अंगणात दोघंच बसलो होतो. मी तिच्याकडं बघतोय हे त्यांना कसं कळलं कोण जाणे. म्हणाले, "पावणं, माझी मान अवघडलीया. आता बराच वेळ मला हिकडं भिताडाकडंच बघाय लागणार." आणि खरंच तोंड फिरवून बसले. पायरीवर बोटभर कात्री होती. माझे कान तापले, पण मी उठलो.

निघताना त्यांनी नेहमीसारखी मिठी मारली. आता बरगड्या बोलत नाहीत, त्यांचीच हाडं लागतात. सोडताना त्यांचा हात माझ्या छातीवर डाव्या बाजूला जरा थांबला. "पावणं," ते म्हणाले, "छाती वाढलीया की! एकाच बाजूनं." मग शर्टाची कॉलर नीट करत म्हणाले, "ह्यो शर्ट जपून वापरा. म्होरला आता कोण शिवणार?"

फांदी आमच्या गॅलरीत आहे. अजून कोंभ नाही, पण वाळलेलीही नाही. दाजी तिच्याबद्दल अवाक्षर विचारत नाहीत. रोज फोन करून बायकोला एवढंच विचारतात, "पावण्यांची छाती बरी हाय न्हवं?" ती बिचारी घाबरते, माझ्याकडं बघते. आणि मी, आयुष्यात पहिल्यांदाच, काही कबूल करत नाही.