एकशे सतरावा आवाज

त्या इस्पितळात तिला सगळे नंबरबाई म्हणत. घशाच्या ऑपरेशनमध्ये ज्यांचा आवाज कायमचा जाणार असे, त्यांचा आवाज आदल्या दिवशी टिपून ठेवायचा, हे तिचं काम. सुरुवातीला कॅसेटी होत्या, तेव्हा ती प्रत्येकीवर स्वतःच्या हाताने आकडा घाली. ती सवय अशी अंगात भिनली की घरातल्या डब्यांवर आणि किल्ल्यांवरही आकडे आले. नवऱ्याने एकदा विचारलं, "माझा नंबर कितवा?" ती म्हणाली, "तुम्ही एकच आहात. एकाला नंबर कशाला?"

पुढे कॉम्प्युटर आला. पन्नाशी उलटलेली ही बाई पुस्तक उघडून बसली आणि डोकं खाजवत खाजवत तिने एक छोटा प्रोग्राम लिहिला. फोल्डरमध्ये किती फायली आहेत ते मोजायचं, त्यात एक मिळवायचा आणि तो आकडा नव्या आवाजाला नाव म्हणून द्यायचा. महिनोन्‌महिने सगळं सुरळीत चाललं. बाईला आभाळ ठेंगणं झालं.

मग एका दुपारी एक शिंपी आला, सोबत बायको. पहिल्या खेपेला त्याला खोकल्याची उबळ आली. बायकोने मधेच नीट बसायला सांगितलं, त्याने तिला काहीतरी सुनावलं, सगळा विचका झाला. ती फाईल एकशे सतरा. दुसऱ्या खेपेला त्याने कागदावरून घडाघडा वाचलं, "माझ्या पत्नीने मला आयुष्यभर साथ दिली." ती एकशे अठरा. बायको मान खाली घालून ऐकत राहिली.

निघताना ती मागे वळली. "बाई, हे मला मिळेल ना? घरात आता माझीच बडबड उरणार."

"उद्या इथेच देते. अगदी नक्की."

घरी जाण्याआधी नंबरबाईने टेबल पुसलं, खुर्ची सरळ केली आणि एकशे सतरा काढून टाकली. खोकल्याची फाईल कोण ऐकणार?

सकाळी पहिल्या पेशंटचा आवाज टिपून झाला आणि पडद्यावर आकडा आला, एकशे अठरा. एक फाईल कमी झाल्यावर मोजणी एकने खाली आली होती, आणि नवा आवाज शिंप्याच्या आकड्यावर, त्याच्या आवाजाला पुसून, ऐसपैस बसला होता. शिंपी तर आठ वाजताच ऑपरेशनला गेला होता.

तिने जंग जंग पछाडलं. हाती लागली ती कॉम्प्युटरच्या कचरापेटीतली एकशे सतरा.

सांगायचं नाही, असंही क्षणभर तिच्या मनात आलं. त्याची तिला लाजच वाटली. ती बाहेर बाकावर बायकोशेजारी जाऊन बसली. "माझ्या हातून चूक झाली. चांगला आवाज पुसला गेला. खोकल्याचा तेवढा राहिलाय."

बायको उठून तिच्यामागे आत कॉम्प्युटरपाशी आली. तिने हेडफोन कानाला लावले. खोकला. तिचाच आवाज, "अहो, नीट बसा ना." मग तो, घसा खरवडत, हसू दाबत, "ठमे, गप बस जरा, बाई ऐकतायत."

तिने परत लावलं. मग पुन्हा एकदा.

"चाळीस वर्षं घरात मला ठमी म्हणतात," ती डोळे पुसत म्हणाली, "चारचौघांत कधी नाही. काल कागद वाचला तो कोण होता कोण जाणे. हे आमचे आहेत." मग तिने विचारलं, "याचा नंबर काय?"

"एकशे सतरा."

"तो परत कुणाला देऊ नका, बाई."

नंबरबाईने मान डोलावली. त्याच दुपारी तिने प्रोग्राम बदलला. आता फायली मोजायच्या नाहीत. शेवटी दिलेला आकडा वेगळा लिहून ठेवायचा आणि तो फक्त पुढेच जायचा. त्या नावाची फाईल आधीच असेल, तर आणखी पुढे. एकदा दिलेला आकडा, आवाज राहो न राहो, त्याच माणसाचा.

खोकल्याच्या फायली तिने त्यानंतर कधी काढून टाकल्या नाहीत.