परशराम अण्णांची सही

परशराम अण्णा सही करताना हातातली इस्त्री खाली ठेवत नसत. उजव्या हातातली इस्त्री डाव्या हातात घ्यायची, पोलिसाने पुढे धरलेल्या कागदावर सही ठोकायची आणि शाई वाळायच्या आत पुन्हा शर्टाच्या कॉलरकडे वळायचं. कोळशाची जड पितळी इस्त्री ती, मला दोन्ही हातांनी उचलताना नाकीनऊ यायचे. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी नवा बातमीदार होतो. बेळगावातल्या एका मराठी दैनिकात कोर्ट आणि गुन्हे सांभाळायचो. मला त्या सहीचं कौतुक वाटलं होतं, आणि ते मी चारचौघांत हसत हसत सांगितलंही होतं. आता ती आठवली की बसल्या जागी चुळबुळ सुरू होते.

अण्णांचं दुकान पोलीस ठाण्याच्या अगदी समोर. राहायला गावाच्या अनगोळ भागात, पण सकाळी सात ते रात्री आठ माणूस इथेच. पोलिसांचे युनिफॉर्म, वकिलांचे काळे कोट, कॅम्पातून येणारे फौजी घरांतले कपडे, सगळं त्यांच्या टेबलावरून जायचं. पोलिसांनी कुठे काही जप्त केलं की दोन त्रयस्थ माणसं साक्षीला लागतात, त्यांना पंच म्हणतात. पंचाने जागेवर जायचं, स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं आणि मग सही करायची, असा साधा नियम. पण कोर्टाच्या फेऱ्या कुणाला हव्यात? बोलावलं की लोक पाय काढतात. अण्णा रस्त्यापलीकडेच होते. हवालदार यायचा, म्हणायचा, "अण्णा, इल्ली सही माडरी," म्हणजे इथे सही करा. अण्णा करायचे. कागद कन्नडमध्ये असायचा. अण्णा कन्नड फडाफडा बोलत, पण शिकले मराठी शाळेत, त्यामुळे त्यांना ते वाचता येत नसे. मी एकदा टोकलं तर म्हणाले, "शेजारधर्म हाय रं. त्यांचे कपडे मी करतो, तसं कागद बी करतो."

त्यात कुणाचं वाकडं झालं असं तोवर दिसलं नव्हतं. मटका, गावठी दारू, चोरलेल्या सायकली. बहुतेक आरोपी गुन्हा कबूल करून मोकळे व्हायचे. अण्णांना साक्षीला असं कधी जावंच लागलं नव्हतं.

दुसरी गोष्ट म्हणजे अण्णांना बोलायची हौस. मी दिसलो की, "काय पत्रकार, आज कुणाला आत घातलास?" मग एक शर्ट संपून दुसरा पसरेपर्यंत त्यांच्या टेबलावर एखादा खटला निकालात निघालेला असायचा. कोण दोषी, कोण सुटणार, कुणाला उगाच गोवलंय, सगळं ठरलेलं. पुरावा काय विचारलं तर उत्तर एकच, "गाव म्हणतंय. गाव म्हणतंय म्हंजे कायतरी असणारच." मी हे ऐकायचो आणि ऑफिसात जाऊन 'परिसरात चर्चा आहे' असं लिहायचो. ती चर्चा म्हणजे बऱ्याचदा अण्णा आणि दोन गिऱ्हाइकं.

मग मालतीबाईंचा खून झाला. निवृत्त शिक्षिका, एकट्या राहायच्या. अर्ध्या भागाला त्यांनी पाढे शिकवले होते. त्यांच्या सुती साड्यांना अण्णाच इस्त्री करायचे. दुपारी घरात शिरून कुणीतरी गळा दाबला आणि हातातल्या पाटल्या काढून नेल्या. चार दिवसांनी पोलिसांनी सुरेश नावाच्या रंगाऱ्याला धरलं. आठवडाभर आधी त्याने बाईंच्या घराला रंग दिला होता. नंदगडच्या अलीकडे एका वाडीत त्याचं घर, घरात म्हातारी आई. त्याच घरातून पाटल्या मिळाल्या, असा पंचनामा झाला. पंच म्हणून सही अण्णांची. हवालदार घाईत रस्ता ओलांडून आला होता आणि अण्णांनी नेहमीसारखी सही केली होती. दुसरा पंच पुढे खटला उभा राहायच्या आधीच वारला.

आता माझं सांगतो. पोलिसांनी आम्हाला दिलेली माहिती चार ओळींची होती. आरोपीच्या घरातून पंचांसमक्ष दोन पाटल्या जप्त, एवढंच. संपादकांना पाऊण कॉलम हवा होता. मी बसलो आणि लिहिलं, की पिठाच्या डब्यात हात घालताच पाटल्या हाती लागल्या, पीठ झटकल्यावर त्या चमकल्या, आणि ते बघून आरोपीची आई मटकन खाली बसली. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. डबा माझा, पीठ माझं, म्हातारीचं मटकन बसणंही माझं. आमच्या धंद्यात याला बातमीत जीव ओतणं म्हणतात आणि ज्याला ते जमतं त्याची बढती होते. माझी झाली.

पंच म्हणून अण्णांचं नाव त्या बातमीत होतं. दुसऱ्या दिवसापासून दुकानात रीघ लागली. जो तो विचारायचा, अण्णा, तुम्ही होतासा न्हवं? पहिल्या दिवशी अण्णा नुसतं हं हं करत राहिले. दोन दिवसांनी पिठाचा डबा त्यांच्या बोलण्यात आला. आठवडा संपायच्या आत ते म्हातारी कशी बसली ते हात हलवून दाखवायला लागले. मी तिथेच उभा राहून ऐकलं. लाज वाटायला हवी होती, पण मला बरं वाटलं. वाटलं, म्हणजे खरंच तसं झालं असणार. आणि पुढच्या बातमीत मी लिहून टाकलं, 'प्रत्यक्षदर्शी पंचांनी सांगितले.' त्यांनी माझं वाचून सांगितलं, मी त्यांचं ऐकून छापलं.

त्यानंतर गाव पेटलं. मोर्चा निघाला, दुकानं बंद झाली, 'फाशी द्या'च्या घोषणा झाल्या. मोबाइलच्या ग्रुपांवर सुरेशचा फोटो फिरत होता आणि त्याखाली माझी पिठाची ओळ. वकिलांनी ठराव केला की कुणीही त्याचं वकीलपत्र घ्यायचं नाही. शेवटी कोर्टाने एक नवखा वकील नेमून दिला. तपास करणाऱ्या अधिकाऱ्याचा एका मंडळाने शाल घालून सत्कार केला. पाटल्या सापडल्या म्हटल्यावर आणखी कसला शोध घ्यायचा, असं सगळ्यांनाच वाटलं. तपास तिथेच थांबला.

तीन वर्षांनी खटला उभा राहिला आणि अण्णांना समन्स आलं. त्या दिवशी ते माझ्या ऑफिसात आले. कधी येत नसत. खुर्चीवर बसले, उठले, खिडकीशी गेले, परत बसले. मग विचारलं, "पत्रकार, ते पिठाचं तुला कुणी सांगिटलं?"

मी म्हणालो, पोलिसांनी. खोटं बोललो.

"मला ते डोळ्यांम्होरं दिसतंय रं," अण्णा म्हणाले. "डबा दिसतोय, म्हातारी दिसती. आणि मी तर तिथं गेलतोच न्हाय."

मी काय सल्ला दिला ते लिहायला हात धजत नाही, पण लिहितो. मी म्हणालो, "अण्णा, कागदावर हाय तेवढं म्हणा आणि मोकळं व्हा. सगळं गाव तुमच्या मागं हाय." अण्णा उठले. चहा अर्धा टाकून गेले.

साक्षीच्या आदल्या आठवड्यात त्यांनी दुकान बंद ठेवलं आणि नंदगडच्या बसमध्ये बसले. हे त्यांनी मला पुढे सांगितलं. विचारत विचारत सुरेशच्या घरी पोहोचले. एका खोलीचं घर. सुरेशची आई खाटेवर. गुडघे कायमचे आखडलेले, बरीच वर्षं तिला जमिनीवर बसताच येत नव्हतं. खाटेवरून उतरायचं तर शेजारीण लागायची. अण्णांनी नाव सांगितलं. ते नाव तिला पाठ होतं. तिने शिव्या दिल्या नाहीत, एवढंच म्हणाली, "आलास व्हय? आता तरी बघून जा." अण्णांनी बघितलं. पीठ एका पातेल्यात ताटलीखाली झाकलेलं होतं, डबा नव्हताच. आधी असेलही, तीन वर्षांत काय काय विकलं असेल कुणास ठाऊक. पण म्हातारीचे गुडघे तर नवे नव्हते.

कोर्टात मी हजर होतो. हॉल भरलेला, मालतीबाईंची मुलगी सुनंदा पहिल्या बाकावर. सरकारी वकिलांनी पंचनामा दाखवला आणि सही कुणाची ते विचारलं. अण्णा म्हणाले, माझी. मग ते न विचारताच बोलले, "मी तिथं गेलतो न्हाय, साहेब. दुकानात सही केली." मागे कुजबुज उठली. सरकारी वकिलांनी त्यांना फितूर ठरवायची परवानगी मागितली आणि उलटतपासणी सुरू केली. कुणी धमकावलं, कुणी फूस लावली, आरोपीच्या घरी कशाला गेला होता; त्या भेटीची खबर पोलिसांपर्यंत पोहोचली होती. अण्णा प्रत्येक वेळी तेच सांगत होते. शेवटी वकिलांनी विचारलं, मग तीन वर्षं लोकांना सगळं पाहिलं म्हणून सांगत होता ते काय?

"व्हय, सांगत होतो," अण्णा म्हणाले. "खोटं सांगत होतो."

मला वाटलं, आता ते माझ्याकडे बोट दाखवणार. मी वहीत डोकं खुपसलं. त्यांनी दाखवलं नाही.

काही महिन्यांनी सुरेश सुटला. पाटल्यांखेरीज त्याच्याविरुद्ध दुसरं काही गोळाच केलेलं नव्हतं. त्याने खून केला की नाही, मला आजही माहीत नाही. कुणालाच नाही, आणि आता कळायची सोयही राहिलेली नाही. मला सगळ्यात जास्त हेच छळतं. माझ्या बातमीचा मथळा होता, 'पंच फितूर, आरोपी निर्दोष'.

गावाने सगळा राग इस्त्रीच्या दुकानावर काढला. युनिफॉर्म बंद झाले, मग काळे कोट बंद झाले. ज्यांना अण्णांनी म्हातारीचं बसणं करून दाखवलं होतं, ती माणसं आता रस्त्याच्या पलीकडून जायला लागली. एकदा मी दुकानात असताना सुनंदा आली. आवाज न चढवता तिने विचारलं, त्यानेच मारलं असं तुम्हाला वाटतं का?

"व्हय आक्का, मला तसंच वाटतं," अण्णा म्हणाले. "पण मी बघितलं न्हाय."

"मग सही कशाला केलीसा?"

अण्णांनी इस्त्री खाली ठेवली. ती निघून गेली. मग अण्णा मला म्हणाले, "तिला न्याय मिळाला असता का न्हाय, द्येवाला ठावं. पण त्यो मी घालवला. कोर्टात न्हवं, हितं टेबलावर."

त्यानंतर पंधरा दिवसांनी त्यांनी माझ्याकडे एक गोष्ट मागितली, आयुष्यात पहिल्यांदाच. म्हणाले, "तू फितूर छापलंस. फितूर म्हंजे आधी बघितलं आणि मग फिरला. मी फिरलो न्हाय रं, मी गेलतोच न्हाय. एवढं छाप." मी संपादकांकडे गेलो. ते म्हणाले, लोक तापलेत, आत्ता नको, बघू नंतर. मी एकदाच विचारलं, दुसऱ्यांदा विचारलं नाही. डबा माझा होता हे कुणालाच सांगितलं नाही, अण्णांनाही नाही. पण त्यांना ते कळलं असावं, कारण त्यांनी मला पुन्हा कधी पत्रकार म्हणून हाक मारली नाही. रोज सकाळी ते आमचा पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचायचे. शेजारचा पानवाला सांगायचा, अण्णा छोट्या जाहिरातीसुद्धा सोडत नाहीत. काय शोधतायत ते मला माहीत होतं, म्हणून मी त्या रस्त्याने जायचं बंद केलं.

गेल्या वर्षी ते गेले. हृदयविकाराचा झटका, दुकानातच. ग्रुपवर निरोप फिरला तो 'फितूर पंच गेला' असा. मी आमच्या पेपरात निधनवार्तेच्या दोन ओळी लावल्या, इस्त्री व्यावसायिक, अनगोळ, पश्चात पत्नी आणि दोन मुली. तिसरी ओळ लिहिली होती, ती मीच काढून टाकली. आता मी नोकरी सोडली आहे आणि 'बघू नंतर' म्हणणारे माझ्यावर कुणी नाहीत. ती ओळ इथे लिहितो. परशराम अण्णा फितूर नव्हते, ते तिथे गेलेच नव्हते. मीही गेलो नव्हतो.